वाळवंटातील साप-सरड्यांसाठी १००–४०० मिमी झूम लेन्स: एका हंगामाच्या वापरानंतरचा अनुभव

साप आणि सरड्यांच्या छायाचित्रणासाठी १०० मिमीची मॅक्रो लेन्स (अगदी जवळून मोठी प्रतिमा देणारी) घ्यावी, असा सल्ला जवळजवळ प्रत्येक जाणकार देतो. घाटातल्या पावसाळी रात्री तो योग्यही आहे. थरच्या वाळवंटात मात्र उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून पाऊस ओसरेपर्यंत मी जी लेन्स मुख्यत्वे वापरली, ती मॅक्रो नसून सुमारे एक मीटर अंतरावरून फोकस होणारी आणि त्या अंतरावर ०.३ पट प्रतिमा (म्हणजे सेन्सरवर प्राण्याच्या खऱ्या आकाराच्या ०.३ पट) देणारी १००–४०० मिमीची झूम होती. वाळवंटात एकच लेन्स न्यायची असेल तर हीच न्यावी, असे माझे मत झाले आहे. तिच्या उणिवाही बऱ्याच आहेत आणि त्यांतल्या दोन तर वाळवंटातच अधिक जाणवतात.

अंतराचा मुद्दा प्रथम मांडतो, कारण बाकी सर्व त्यावरच अवलंबून आहे. १०० मिमी मॅक्रो लेन्स पूर्ण आकाराची, म्हणजे एकास एक प्रतिमा देते तेव्हा विषय सेन्सरपासून साधारण ३० सेंटीमीटरवर असतो. त्यातून कॅमेऱ्याची आणि लेन्सची लांबी वजा केली की लेन्सच्या काचेपासून प्राण्यापर्यंत जेमतेम १४–१५ सेंटीमीटर उरतात. समोर पाल असेल तर त्याने काही बिघडत नाही. समोर हातभर लांबीचे फुरसे वेटोळे घालून बसले असेल, तर छायाचित्रकाराची बोटे त्याच्या झेपेच्या टप्प्यात येतात. फुरसे चिडले की शरीराची वळणे एकमेकांवर घासते, त्याच्या बाजूचे करवती खवले खरखरतात आणि तो आवाज ऐकू येईपर्यंत त्याची नैसर्गिक बैठक मोडलेली असते. म्हणजे जवळ जाण्यात धोका तर आहेच, शिवाय मिळणारे चित्र त्रासलेल्या सापाचे असते. एक मीटरवरून झूम लेन्सने घेतलेल्या चौकटीत पूर्ण फ्रेम (३६ मिमी रुंद) सेन्सरवर सुमारे १२ सेंटीमीटर रुंदीचा भाग मावतो. वेटोळे घातलेल्या फुरशासाठी ही चौकट पुरेशी भरलेली असते, आणि साप बहुतेक वेळा आपल्याकडे लक्षही देत नाही.

या सावधगिरीला थरमध्ये आणखी एक कारण आहे. भारतात मिळणारे प्रतिविष (सर्पदंशावरचे औषध) नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर आधारलेले आहे. वाळवंटात आढळणारी सिंध मण्यार त्या चारांत नाही. पश्चिम राजस्थानातील फुरसे हे दक्षिणेकडच्या फुरशापेक्षा वेगळ्या उपजातीचे असून त्याच्या विषावर हे प्रतिविष कमी प्रभावी ठरते, असे संशोधनातून पुढे आले आहे. ज्या ठिकाणाहून सुसज्ज रुग्णालय काही तासांच्या अंतरावर आहे, तेथे एक मीटरऐवजी पंधरा सेंटीमीटरवरून चित्र घेण्याचे समर्थन मला तरी करता येत नाही.

अर्थात लेन्स कोणतीही असली तरी आधी प्राणी सापडावा लागतो, आणि तो शोधण्याचे खरे साधन प्रकाश आहे. पहाटे, सूर्य क्षितिजालगत असताना, वाळूवरचा प्रत्येक ठसा लांब सावली टाकतो आणि रात्रभरात कोण कुठून गेले ते वाचता येते. फुरसे बाजूला सरकत चालते, त्यामुळे त्याच्या मागे एकमेकांपासून सुट्या, तिरक्या, समांतर रेघा उमटतात आणि प्रत्येक रेघेचे एक टोक आकड्यासारखे वळलेले असते. मांडूळाचा माग जाड आणि संथ वळणांचा असतो. वाळवंटी घोरपडीच्या मागात मधोमध शेपटीची ओढ आणि दोन्ही बाजूंना पंजांचे ठसे दिसतात. वाळूच्या पृष्ठभागाखालून जणू पोहत जाणारी, अगदी आखूड पायांची एक सापसुरळी थरमध्ये आहे. तिची नागमोडी उंचवट्याची रेघ मध्येच संपते, आणि रेघ जिथे संपते तिथेच बहुधा ती सापसुरळी असते. वारा सुटला की दहा-पंधरा मिनिटांत हे सर्व पुसले जाते. म्हणूनच वारा पडल्यानंतर उमटलेला माग ताजा समजावा. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात हेच ठसे असूनही दिसत नाहीत.

रात्री याच तत्त्वाने टॉर्च वापरावी लागते. कपाळावरच्या हेडलॅम्पचा प्रकाश डोळ्यांच्या रेषेतूनच पडत असल्याने सावल्या लपतात आणि वाळू सपाट दिसते. शिवाय सगळे किडे तोंडावर येतात, हा त्रास वेगळाच. हेडलॅम्प पाय ठेवण्यापुरता मंद ठेवून दुसरी, अरुंद झोताची टॉर्च हातात कमरेच्या उंचीवर तिरपी धरली की वाळूवरचे उंचवटे उठून दिसतात. डोळ्यांची चमक शोधायची असेल तेव्हा मात्र उलट करावे लागते. टॉर्च गालाजवळ धरून दूरवर पाहिले तर पालींचे डोळे मंद तांबूस चमकतात. हिरवट, अगदी टोकदार चमक दिसली तर ती बहुतेक कोळ्याची असते, आणि लालभडक मोठी चमक जमिनीवर बसलेल्या रातवा या निशाचर पक्ष्याची. सापांच्या डोळ्यांकडून अशा चमकेची अपेक्षा ठेवू नये. त्यांच्यासाठी आकार आणि मागच शोधावा लागतो. अतिनील टॉर्च सापांसाठी उपयोगाची नाही, तरी ती मी नेहमी जवळ ठेवतो. तिच्या उजेडात विंचू हिरवट-निळे चमकतात, आणि वाळूवर पोटावर झोपण्याआधी ती एकदा सभोवार फिरवणे गरजेचे आहे.

आता लेन्सच्या कामगिरीकडे वळतो. दिवसाच्या सरड्यांसाठी तिला तोड नाही. सांडा हा काटेरी शेपटीचा सरडा कठीण, सपाट जमिनीवर वसाहती करून राहतो, झाडपाल्यावर जगतो आणि बिळाच्या तोंडापासून फार दूर जात नाही. माणूस चालत आला की तो क्षणात बिळात नाहीसा होतो. गाडीतून, इंजिन बंद करून, खिडकीवर वाळूची पिशवी टेकवून वाट पाहिली तर तो पुन्हा बाहेर येतो आणि ४०० मिमीवर चौकट भरतो. इंजिन चालू ठेवल्यास कंपन तर येतेच, पण बॉनेटवरून उठणारी गरम हवा चित्र अधिक बिघडवते. पायाच्या बोटांना झालरीसारखे खवले असलेला वाळूवरचा चपळ सरडा याच लेन्सने, १/२००० सेकंदाच्या शटरवर, धावताना टिपता आला. जैसलमेर जिल्ह्यातील लोंगेवाल्याच्या नावावरून शास्त्रीय नाव मिळालेला बोथट तोंडाचा लहान सरडा धोका जाणवताच अंग थरथरवत वाळूत उतरतो. त्याची ती पूर्ण कृती एक मीटरवरून, त्याला बिथरू न देता, घेता येणे हा माझ्या दृष्टीने या लेन्सचा सर्वांत मोठा लाभ ठरला.

फिकट वाळू कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाला फसवते. मापक तिला करडी समजून चित्र काळवंडवतो, म्हणून दिवसा दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) अधिक प्रकाश द्यावा लागतो. रात्री हीच वाळू उपकारक ठरते, कारण फ्लॅशचा प्रकाश खालून परत फेकून ती सापाच्या हनुवटीखालची सावली आपोआप भरून काढते.

रात्रीच्या कामात मात्र या लेन्सशी जुळवून घ्यावे लागते. तिचे नळकांडे लांब असल्याने कॅमेऱ्यावर बसवलेल्या फ्लॅशच्या झोतात लेन्सचीच सावली चौकटीच्या खालच्या भागात पडते. हूड (लेन्सच्या तोंडावरचे झाकण) लावलेले असेल तर ती अधिकच मोठी होते. फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा करून, प्रकाश पसरवणारा मोठा डिफ्यूझर लावून, डाव्या हाताने किंवा बाजूच्या दांडीवर धरावा लागतो, आणि दीड किलोची लेन्स उजव्या हाताने सांभाळत हे करणे दमवणारे आहे. सोबतीला कुणी असेल तर त्याच्या हाती फ्लॅश द्यावा, हा सर्वांत सोपा उपाय. १/२०० सेकंद, एफ/११ (लेन्सच्या छिद्राचे माप) आणि आयएसओ ४०० (सेन्सरची संवेदनशीलता) ही माझी नेहमीची मांडणी झाली आहे. ०.३ पट प्रतिमेत एफ/११ वर फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी, जेमतेम एक सेंटीमीटर मिळते, तेव्हा सापाचा डोळा आणि त्याच्या पुढचे वेटोळे एकाच प्रतलात येईल अशी जागा निवडणे आवश्यक असते. तुलनेसाठी सांगायचे तर एकास एक प्रतिमेत, त्याच एफ/११ वर, ही खोली एक मिलिमीटरच्या आसपास असते.

अंधारात स्वयंचलित फोकस मंद होतो. डोळ्यावर टॉर्चचा सौम्य प्रकाश टाकला तर तो पकडतो. तसे न केल्यास लेन्स पुढे-मागे चाचपडत राहते. कात टाकण्यापूर्वी सापाचा डोळा दुधाळ निळसर होतो, आणि त्या अवस्थेत त्याला नीट दिसत नसल्याने तो अधिक बिथरतो. असा साप दिसल्यास कॅमेरा खाली ठेवून निघून जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली गंभीर उणीव तापलेल्या हवेची आहे, आणि ती लेन्समध्ये शोधू नये. सकाळी उशिरानंतर वाळूलगतची हवा उकळत असल्यासारखी हलते, आणि दहा-पंधरा मीटरवरून ४०० मिमीने घेतलेल्या सरड्याचे खवले ओल्या कागदाने पुसल्यासारखे दिसतात. लेन्स अस्पष्ट आहे, अशी तक्रार अनेक जण करतात. त्यांतील किती चित्रे भर उन्हात, दूरवरून आणि जमिनीलगत घेतलेली असतात, हे पाहिले पाहिजे. यावर ट्रायपॉड, वेगवान शटर किंवा महागडी काच यांपैकी कशाचाही उपयोग नाही. अंतर कमी करणे किंवा लवकर उठणे, एवढेच हाती असते.

दुसरी उणीव लेन्सच्या रचनेत आहे. झूम करताना तिचे नळकांडे पुढे सरकते, आत हवा ओढली जाते आणि हवेबरोबर बारीक वाळूही. काही आठवड्यांतच झूमच्या कड्यात करकर ऐकू येऊ लागली आणि काचेच्या आतल्या बाजूला धुळीचे कण दिसले. चित्रांवर त्याचा परिणाम झाला नाही, पण मनाला ते खटकत राहते. त्यानंतर झूम शक्यतो ४०० वरच ठेवून स्वतः पुढे-मागे होण्याची सवय लावून घेतली, लेन्सभोवती पातळ आवरण बांधले आणि उघड्यावर लेन्स बदलणे पूर्णपणे थांबवले. नळकांड्यावरची वाळू कापडाने पुसू नये. आधी फुंकर-पंपाने उडवावी, मग मऊ ब्रशने झटकावी आणि त्यानंतरच झूम आत घ्यावी. लांबी न बदलणारी, आतल्या आत झूम होणारी लेन्स या बाबतीत निश्चितच सरस ठरेल. ती अधिक जड आणि लांब असते, हा तिचा तोटा.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली या प्राण्यांना संरक्षण आहे. चित्रासाठी साप आकड्याने उचलून ‘चांगल्या’ जागी ठेवणे, बीळ उकरणे, सरडा थंड करून सुस्त करणे हे सर्व प्रकार केवळ अशिष्ट नाहीत, तर गुन्हा ठरू शकतात. राष्ट्रीय मरुउद्यानात आणि सीमेलगतच्या पट्ट्यात फिरण्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते, आणि रात्री टॉर्च घेऊन हिंडणाऱ्या माणसाने ती कागदपत्रे सोबतच बाळगावीत. तेलासाठी सांड्याची आणि अंधश्रद्धेपोटी मांडूळाची तस्करी होते, म्हणून चित्र प्रसिद्ध करण्यापूर्वी त्यातील स्थानाची माहिती काढून टाकावी, आणि पार्श्वभूमीत ओळखीची टेकडी किंवा विहीर येत असेल तर ती चौकट वापरू नये.

मॅक्रो लेन्स मी विकलेली नाही. पालीच्या डोळ्याच्या उभ्या बाहुलीची नक्षी, मांडूळाच्या खवल्यांची ठेवण किंवा सांड्याच्या शेपटीवरचे काटेरी कडे यांच्यासाठी ०.३ पट प्रतिमा अपुरी पडते. १.४ पट वाढवणारा कन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारे जोडभिंग) लावला तर त्याच अंतरावरून ०.४ पटीच्या थोडी पुढे मजल जाते, पण प्रकाश एका स्टॉपने घटतो आणि रात्रीचा फोकस इतका मंदावतो की हाताने कडे फिरवणेच बरे वाटते. दिवसा, स्थिर बसलेल्या सरड्यावर, तो उत्तम चालतो. रात्री मी तो पिशवीतून काढत नाही.