तासांची वाटणी की एकत्र बैठक? घरचे काम, घरची शाळा आणि वाकळ

ज्या घरात मिळकतीचे काम घरातूनच चालते, मुले घरीच शिकतात आणि शिवण, क्रोशा किंवा वाकळ (जुन्या कापडांचे थर शिवून केलेली गोधडी) असे एखादे हाताचे काम आवर्जून टिकवलेले असते, त्या घरात वेळेपेक्षा जागेची ओढाताण अधिक होते, असे माझे मत झाले आहे. तरीही अशा घरांत पहिली चर्चा होते ती वेळापत्रकाचीच. ढोबळ मानाने दोन पद्धती समोर असतात. पहिली तासांच्या वाटणीची: सकाळी मुलांचे शिकणे, दुपारी वडीलधाऱ्यांचे कामकाज, चारनंतर हाताचे काम आणि संध्याकाळ घराची. दुसरी एकत्र बैठकीची: सकाळची कामे आटोपली की घरातील सर्वांनी एकाच जागी आपापले काम घेऊन बसायचे, म्हणजे कोणी वहीत गणित सोडवत असेल, कोणी हिशेब लिहीत असेल आणि कोणी सुईत दोरा ओवत असेल. कोल्हापुरात शिवाजी पेठेतील आमच्या जुन्या घरात या दोन्ही पद्धती पुरेसा काळ राबवून पाहिल्या आहेत. घरी शिकवावे की नाही, हा प्रश्न ज्यांनी आधीच सोडवला आहे आणि आता फक्त दिवस कसा लावावा याचा विचार चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

तासांच्या वाटणीचे गुण खरे आहेत. मुलांना पुढे काय आहे हे ठाऊक असते, त्यामुळे रोजची घासाघीस वाचते. घरातील वडीलधाऱ्यांना आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना अभ्यास डोळ्यांसमोर होताना दिसतो. आपल्या शहरात हे महत्त्वाचे आहे, कारण याच संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड ठरवला. त्या परंपरेत वाढलेल्या आजोबांनी नातवंडे शाळेत का जात नाहीत असे विचारले, तर त्यात काळजीच असते, आणि भिंतीवर लावलेला तासांचा तक्ता त्या काळजीला बऱ्यापैकी उत्तर देतो. शिवाय हाताच्या कामाला शिक्षणात मानाचे स्थान देणाऱ्यांनीही तास ठरवूनच दिले होते. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन समितीने नई तालीमचा, म्हणजे गांधीजींच्या हस्तोद्योगातून शिक्षणाच्या योजनेचा, जो आराखडा केला, त्यात साडेपाच तासांच्या शाळेपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगासाठी, म्हणजे मुख्य हस्तकलेसाठी, राखली होती आणि मातृभाषेसाठी ४० मिनिटे. तेव्हा तास पाडणे म्हणजे हस्तकला दुय्यम मानणे, असा आरोप कोणी करू नये.

अडचण येते ती घरातील कामांचा जोर महिनाभर सारखा नसतो तेव्हा. मी गांधीनगरच्या कापडपेठेतील काही व्यापाऱ्यांचे हिशेब घरून पाहतो. दरमहा जीएसटीची विवरणपत्रे भरणाऱ्यांचे जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी (कराच्या गोषवाऱ्याचे विवरणपत्र) २० तारखेपर्यंत द्यावे लागते, त्यामुळे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारचे तीन तास पुष्कळ होतात आणि दुसऱ्या आठवड्यापासून सबंध दिवसही अपुरा पडतो. लग्नसराईत आणि दिवाळीच्या तोंडावर तर बिलांचे गठ्ठे दुपटीने येतात. तासांच्या तक्त्यात अशा दिवसांसाठी जागा नसते. अशा वेळी पहिला घास जातो तो हाताच्या कामाचा, कारण त्याची वाट पाहणारा बाहेरचा कोणी नसतो. त्याच तक्त्यात आणखी एक गोष्ट सहसा लिहिलेली नसते, ती म्हणजे स्वयंपाक आणि पाणी भरण्याची वेळ. हे काम ज्या व्यक्तीकडे असते, बहुतेक घरी ते गृहिणीकडेच असते, तिचे तास कागदावर मोकळे आणि प्रत्यक्षात तुकड्यातुकड्यांचे होतात. तक्ता बनवणाऱ्याने या दोन ओळी आधी लिहाव्यात आणि उरलेल्या वेळाची वाटणी नंतर करावी, असे सुचवेन.

तरीसुद्धा माझा निर्णय या कारणांवर झाला नाही. तो झाला आवराआवरीवर, आणि ही गोष्ट मला जरा सविस्तर सांगायची आहे, कारण तुलना करणारे बहुतेक जण तिला किरकोळ समजतात.

आमच्या घरी आई वाकळ शिवते आणि मुले तिच्याकडून शिकत आहेत. वाकळीचे काम सुई हाती घेण्याच्या बरेच आधी सुरू होते. जुनी धुवट लुगडी किंवा साड्या जमिनीवर पसरायच्या, एकावर एक थर लावायचे, प्रत्येक थर चारी कडांनी ताणून त्यातील चुणी काढायची, कोपऱ्यांवर काहीतरी वजन ठेवायचे आणि मग लांब कच्च्या टाक्यांनी सगळे थर एकमेकांना टाचून घ्यायचे. त्यानंतरच कडेपासून आत सरकत जाणारा धावदोरा सुरू होतो. हे टाचणे पूर्ण होण्यापूर्वी वाकळ उचलली, घडी केली किंवा नुसती कोपऱ्यात सारली, तरी आतले थर सरकतात. वरून ती सपाट दिसते, पण शिवत मध्यापर्यंत आले की एखाद्या ठिकाणी कापडाचा फुगवटा तयार होतो आणि तो दाबून शिवला तर कायमची चुणी राहते, जी झोपणाऱ्याच्या पाठीला जाणवते. पूर्वी सुती लुगडी एकमेकांना धरून राहत. आता घरोघरी सिंथेटिक साड्याच अधिक निघतात आणि त्यांचे थर तर हात लागताच घसरतात.

आता चार ते साडेपाच एवढाच हस्तकलेचा तास असेल, तर त्या दीड तासात पसरायचे, ताणायचे आणि टाचायला लागायचे, तोच संध्याकाळची माणसांची ये-जा सुरू होते आणि सगळे उचलावे लागते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून ताणणे आलेच. दिवसातून तीनदा एकच सोपा (घराची पुढची बैठकीची जागा) रिकामा करायचा आणि तीनदा मांडायचा, यात जाणारा वेळ मी घड्याळ लावून मोजलेला नाही, परंतु त्याने येणारा कंटाळा सर्वांच्या चेहऱ्यावर दिसत असे. मुलगा अपूर्णांकांच्या उदाहरणात नुकताच रमलेला असताना माझ्या कामाची वेळ झाली म्हणून त्याची वही मिटायची आणि माझा एखादा ताळा जुळत आला असताना वाकळ पसरण्यासाठी कागद गोळा करायचे, हे रोज घडत होते. एकाग्रता लागायला जितका वेळ लागतो त्याच्या आसपासच तास संपतो, असे मला वाटत राहिले. ज्यांच्या घरी प्रत्येक कामाला वेगळी खोली आहे त्यांना ही अडचण भासणार नाही, पण आमच्यासारख्या एक सोपा, एक माडी आणि स्वयंपाकघर असलेल्या घरात तिच्यापुढे वाटणीचे बाकीचे गुण फिके पडले.

एकत्र बैठकीत मांडलेले मोडावे लागत नाही. सोप्याचा आतला कोपरा वाकळीचा, खिडकीकडची बाजू माझ्या टेबलाची आणि मधली बैठक मुलांची, असे जागेचे वाटप एकदा झाले की दिवस कितीही वाकडातिकडा गेला तरी कामे आपापल्या जागी थांबून राहतात. विवरणपत्रांच्या दिवसांत वाकळीला दोन टाकेच पडले तरी ती पसरलेलीच असते आणि दुसऱ्या दिवशी बसणाऱ्याला थेट सुई उचलता येते.

शिकण्याच्या दृष्टीनेही या बैठकीचा लाभ झाला, असे नम्रपणे नोंदवतो. नऊवारी लुगडे म्हणजे ९ वार, म्हणजे २७ फूट. त्याच्या लांबीचे चार सारखे भाग केले तर प्रत्येक भाग पावणेसात फुटांचा होतो आणि उंच माणसाच्या अंथरुणाला तेवढी लांबी पुरते. हा भागाकार मुलाने पाटीवर करण्याआधी कापडावर केला आणि पावणेसात म्हणजे काय हे त्याला पुन्हा विचारावे लागले नाही. मुलीने दोन पट्ट्या जोडून रुंद वाकळ करायची झाल्यास शिलाईत किती कापड जाईल याचा अंदाज आजीशी वाद घालून काढला. हे प्रसंग तासिकेत आखून आणता आले असते की नाही, सांगता येत नाही. आमच्याकडे ते शेजारी बसल्यामुळे घडले. माझी हिशेबाची वही उघडी असते, त्यामुळे करपात्र रक्कम आणि कर यांतील फरकही मुलीने ऐकत ऐकत उचलला.

बैठकीचे तोटे लपवण्यासारखे नाहीत. व्यापाऱ्याचा फोन आला की मला उठून माडीवर जावे लागते, आणि ज्यांचे काम दिवसभर व्हिडिओ कॉलवर चालते त्यांना ही पद्धत झेपेल असे वाटत नाही. वडील समोर दिसत आहेत म्हणजे मोकळे आहेत, ही मुलांची समजूत घालवण्यासही वेळ लागतो. आम्ही एवढाच नियम ठेवला की माझ्या टेबलावर लाल फाइल उघडी असताना मला प्रश्न विचारायचे नाहीत, आजीला विचारायचे. पावसाळ्यात मात्र बैठकीची खरी परीक्षा होते. जुलै-ऑगस्टमध्ये कपडे वाळत नाहीत, दोऱ्या सोप्यातच बांधाव्या लागतात आणि वाकळीची जागा निम्मी होते. म्हणून मोठी वाकळ आम्ही उन्हाळ्यातच पसरतो, पावसात लहान मुलांच्या दुपटी घेतो आणि घट बसण्यापूर्वी घरातील सगळी अंथरुणे-पांघरुणे धुऊन निघतात तेव्हा कोणती विरली आहे ते पाहून पुढच्या वर्षीचे काम ठरवतो. लहान मूल रांगत असेल तर सुयांची मोजदाद उठताना रोज व्हायला हवी. याबाबत सवलत नको.

कोणते हाताचे काम निवडले आहे यावरही कौल फिरू शकतो. शिलाई मशीनवर ब्लाउज किंवा फॉल-पिकोची कामे घेणाऱ्यांना तासांची वाटणी अधिक सोयीची पडेल, कारण मशीनच्या आवाजात मोठ्याने वाचन होत नाही आणि गिऱ्हाईकही ठरावीक वेळी आलेले बरे. माझी पत्नी मशीनवर बसते ती मुलांचे वाचन संपल्यावरच. एकत्र बैठकीतही एवढी एक वेळ आम्हाला पाळावीच लागते. क्रोशाचे काम पिशवीत मावते आणि कोणत्याही टाक्यावर थांबवता येते, त्यामुळे ते दोन्हींत चालते आणि त्याच्यासाठी घराची पद्धत बदलण्याची गरज नाही. वाकळ, लोकर विणण्याचा खड्डामाग किंवा जमिनीवर मांडून करायचे कोणतेही मोठे काम असेल, तर मात्र ते न हलवता ठेवता येईल अशी जागा आधी शोधावी.

मुले मोठी होऊ लागली की तराजू थोडा पलीकडे झुकतो, हेही मान्य केले पाहिजे. आमची मुलगी चौदाव्या वर्षाकडे निघाली आहे. एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या) दहावीसाठी किमान वय १४ वर्षे लागते. तिथे परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात, नोंदणी ५ वर्षे टिकते आणि त्या काळात ९ संधी मिळतात, म्हणून हा मार्ग एकत्र बैठकीशी जुळवून घेता येतो, असे वाटते. त्यातील लेखी स्वाध्यायांना २० टक्के भार असल्याने वर्षभराचे काम शेवटच्या महिन्यावर ढकलता येत नाही, एवढे लक्षात ठेवावे. राज्य मंडळाकडे १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसायचे असेल तर कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांचे विभागीय मंडळ आपल्याच शहरात आहे, ही मोठी सोय आहे. मात्र फेब्रुवारी-मार्चची ठरलेली परीक्षा आणि ठरलेला अभ्यासक्रम समोर असताना सकाळचे दोन तास फक्त अभ्यासाचे, अशी मर्यादित वाटणी करणे शहाणपणाचे ठरेल. आम्ही मुलीसाठी तसे दोन तास माडीवर सुरू केले आहेत. ते झाले की ती खाली येऊन बैठकीत बसते.

घरात दोन मोकळ्या खोल्या असतील, काम बोलण्याचे असेल आणि हस्तकला मशीनवरची असेल, तर तासांच्या वाटणीपासून सुरुवात करणे योग्य. घर लहान असेल, काम लिहिण्याचे असेल आणि घरात वाकळ शिवणारे एखादे जाणते माणूस असेल, तर मी आदरपूर्वक एकत्र बैठकीकडे बोट दाखवीन. निर्णय होत नसेल, तर कोणताही तक्ता न करता आधी एक दुपट्याएवढी लहान वाकळ पसरावी आणि ती टाचून होईपर्यंत उचलायची नाही, एवढेच ठरवावे. तेवढ्या दिवसांत घरातील कोणती जागा कोणाला सोडता येते आणि कोणाला अजिबात सोडता येत नाही, हे घरातल्या सर्वांनाच कळते. सुरुवात महिन्याच्या २१ तारखेनंतर केली, तर हिशेबाचे काम करणाऱ्यांना ते अधिक सोपे जाईल.