दिवेआगर ते श्रीवर्धन: समुद्राच्या सोबतीने अर्धमॅरेथॉन

पुण्यातील धावपटूंना सरावासाठी एनडीए रस्ता, पाषाण आणि तळजाई पुरेशी ओळखीची असते. समुद्रालगत धावायचे म्हटले की मात्र बहुतेकांना मुंबईच आठवते. त्यांनी रायगड जिल्ह्यातील दिवेआगर ते श्रीवर्धन हा सागरी रस्ता एकदा तरी धावून पाहावा, असे माझे ठाम मत आहे. भरडखोल, शेखाडी, आरावी अशी गावे घेत जाणारा हा रस्ता अर्धमॅरेथॉनच्या 21.0975 किलोमीटर अंतराच्या जवळपास जातो आणि घड्याळातील आकडा नेमका जुळवायचा असेल, तर दिवेआगरमध्येच सुरुवात थोडी मागेपुढे करता येते. आम्ही कोणत्याही स्पर्धेसाठी गेलो नव्हतो. आमच्या गटातील एकाने पाणी आणि ओआरएस घेऊन गाडी सोबत ठेवली, एवढीच व्यवस्था होती.

सुरुवात दिवेआगरहूनच करावी. रहदारीच्या रस्त्यावर समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून उजव्या कडेने धावायचे असते आणि दक्षिणेकडे जाताना समुद्रही उजव्याच हाताला राहतो. श्रीवर्धनहून निघालात तर तीच शिस्त तुम्हाला डोंगराच्या बाजूला ढकलते. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने डोंगर पाठीशी, म्हणजे पूर्वेला आहेत. जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होत असला, तरी ऊन रस्त्यावर उतरायला त्यानंतरही बराच वेळ लागतो. आम्ही अंधारात हेडलॅम्प लावून निघालो होतो, त्यामुळे डोंगराकडेच्या वळणांवर बहुतांश वेळ सावलीच मिळाली.

पहिला टप्पा सपाट आहे. दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्यांमधून जाताना 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही, कारण या पट्ट्यातील हजारो झाडे त्या वादळात आडवी झाली आणि सुपारीचे झाड पुन्हा फळावर यायला कित्येक वर्षे जातात. भरडखोलला उजाडू लागते; होड्या, जाळी आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास यांमधून रस्ता बाहेर पडतो आणि खरा मार्ग तिथून पुढे सुरू होतो. डोंगराची सोंड समुद्रात जिथे घुसते तिथे चढ आणि जिथे पुळण लागते तिथे उतार, हा क्रम शेवटपर्यंत सुटत नाही. चढताना रस्ता सोंडेच्या आतल्या अंगाला वळला की लाटांचा आवाज एकदम थांबतो, स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो. वळण संपले की आवाज आणि समुद्र दोन्ही एकाच वेळी समोर येतात. आरावीच्या अलीकडे वरून संपूर्ण किनारा दिसतो, तिथे मी थांबलो आणि घड्याळही थांबवले. चढ सिंहगडाच्या तोडीचे नाहीत, पण उतारांवर मांड्यांची जी परीक्षा होते, तिची तयारी पुण्यात टेकड्यांवरून उतरण्याचा सराव करूनच जावी.

वेळेचा उच्चांक साधण्यासाठी हा मार्ग योग्य नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे आणि हिवाळ्यातील पहाट कोरडी असते, त्यामुळे घाम वाळतो आणि शरीर थंड राहते. किनाऱ्यावरील दमट हवेत घाम अंगावरच राहतो, बनियन चिकटते आणि नेहमीच्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढलेले दिसतात. म्हणून घड्याळातील पेस, म्हणजे दर किलोमीटरला लागणारा वेळ, न पाहता श्वासाच्या अंदाजाने धावावे, चढावर निःसंकोच चालावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे मीठ-पाणी घेत राहावे.

उणिवा आहेत आणि त्या स्पष्ट सांगायला हव्यात. रस्ता अरुंद आहे, आंधळी वळणे बरीच आहेत आणि सकाळी आठनंतर पर्यटकांच्या गाड्या सुरू होतात, तेव्हा इयरफोन कटाक्षाने काढून ठेवावेत. पहाटे दुकाने बंद असतात आणि स्वच्छतागृहांची सोय गृहीत धरता येत नाही. आम्ही उतरलो होतो त्या घरगुती निवासात पहाटेचा चहा रात्री कबूल झाला होता, तो मिळालाच नाही. केळी आणि खजूर आपल्याजवळ असावेत हे बरे.

श्रीवर्धन हे भट घराण्यातील पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे गाव असून तिथे त्यांचे स्मारक आहे. शनिवारवाडा रोज पाहणाऱ्या माणसाला धाव संपवण्यासाठी यापेक्षा जवळचे ठिकाण कोणते असणार? गरम घावणे आणि कोकम सरबत यांनंतरच परतीचा विचार करावा. गाडी दिवेआगरला ठेवली असल्यास तिथे नेणाऱ्या वाहनाची सोय आदल्या दिवशीच ठरवून ठेवावी.

पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा या मार्गाने दिवेआगरला पोहोचायला चार-साडेचार तास लागतात, म्हणून आदल्या दिवशी दुपारीच निघावे. डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ योग्य. त्यानंतरच्या उकाड्यात हे अंतर नवशिक्यांनी धावू नये आणि शनिवार-रविवार टाळून आडवारी जाता आले, तर रस्ताही बराचसा मोकळा मिळतो.