घरच्या गॅरेजसाठी लिफ्ट : टू पोस्ट, फोर पोस्ट, सिझर की खड्डा?

गाडी उचलायची लिफ्ट घ्यायचं मनात आलं की बहुतेक जण आधी टनेज विचारतात, तीन टनी घ्यावी की चार टनी. घरच्या गॅरेजात हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. स्विफ्ट टनाच्या आतबाहेर, थार पावणेदोन टनांच्या आसपास आणि फॉर्च्युनर दोन टनांच्या थोडी वर. बाजारातली नेहमीची साडेतीन-चार टनी लिफ्ट यातल्या कुठल्याही गाडीला पुरून उरते. घोडं अडतं ते डोक्यावरच्या स्लॅबपाशी आणि पायाखालच्या काँक्रीटपाशी. म्हणून कॅटलॉग उघडण्याआधी टेप घ्या आणि फरशीपासून सगळ्यात खाली आलेल्या बीमच्या तळापर्यंत माप काढा. मग फरशीखाली काय आहे ते घर बांधलेल्या मिस्त्रीला विचारा.

बंगल्याच्या स्लॅबखालच्या पार्किंगमध्ये बीमखाली साधारण साडेआठ-नऊ फूट मिळतात. टू पोस्ट, म्हणजे दोन खांबांची लिफ्ट गाडीला सुमारे 1.8 मीटर उचलते. स्विफ्टची उंची दीड मीटर धरली, तरी छताला 3.3 मीटर, म्हणजे जवळपास अकरा फूट हवेत. थार किंवा बोलेरो असेल तर बारा फुटांच्या वर. अर्ध्यावर थांबवून काम भागवू म्हणाल, तर तेही जमत नाही, कारण वर आडवा बीम नसलेल्या, खांब जमिनीलगत जोडलेल्या टू पोस्टचे नुसते खांबच बहुधा 2.8 मीटरच्या आसपास असतात. नऊ फुटांत ते उभेच राहणार नाहीत. म्हणजे घराखालच्या पार्किंगसाठी टू पोस्ट इथेच बाद. मागे मोकळी जागा असेल आणि तेरा-चौदा फुटी पत्र्याची शेड मारता येत असेल, तरच तिचा विचार करा.

तशी जागा असेल तर मात्र टू पोस्टला तोड नाही. चारही चाकं लटकती राहतात, गाडीचा तळ मधोमध मोकळा मिळतो, गिअरबॉक्स उतरवायला सरळ खाली उभं राहता येतं. सस्पेन्शन, ब्रेक, सायलेन्सर, क्लच, सगळं एकाच मशीनवर. ती मागते ते कसब. खांबांना जोडलेले लिफ्टचे हात गाडीखाली कुठे लावायचे हे प्रत्येक गाडीगणिक बदलतं. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, इनोव्हा क्रिस्टा या चासीवर बॉडी बसवलेल्या गाड्या. त्यांना चासीखाली हात घालायचे आणि त्यासाठी हातांच्या टोकांवर उंच अॅडॉप्टर लागतात. स्विफ्ट, आय-ट्वेंटीसारख्या गाड्यांना वेगळी चासी नाही, त्यांना दरवाज्याखालच्या पत्र्याच्या शिवणीवर कंपनीने ठरवलेल्या जागीच आधार द्यायचा. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी पोटाखाली पसरलेली असते, हाताचं टोक तिला टेकलं तर नुकसान मोठं. इंजिन उतरवलं की गाडीचा तोल मागे जातो, तेव्हा मागच्या बाजूला उंच स्टँड लावल्याशिवाय खाली जाऊ नका. पहिल्यांदाच लिफ्ट वापरणाऱ्या माणसाने गाडी वीतभर उचलावी, बॉनेटकडून आणि डिकीकडून हलवून बघावी, आणि मगच पुढे चढवावी.

फोर पोस्टमध्ये, म्हणजे चार खांबांच्या लिफ्टमध्ये, ही धास्ती नाही. गाडी चाकांवरच दोन पट्ट्यांवर चढते, तोल शोधायचा नाही, आधार शोधायचा नाही. ऑइल बदलणं, सायलेन्सर, तळाला गंजरोधक लावणं याला ती उत्तम, आणि एका जागेत दोन गाड्या ठेवायच्या असतील तरी ती सोयीची. मात्र चाकं काढायची तर पट्ट्यांमध्ये सरकणारा वेगळा जॅक घ्यावा लागतो आणि त्याचा खर्च लोक हिशेबात धरत नाहीत. एकाच ताकदीच्या दोन लिफ्ट घेतल्या तर फोर पोस्ट बहुधा महागच पडते आणि जागाही जास्त खाते. गाडीवर गाडी ठेवायची असेल तर दोन सेडानची उंची तीन मीटर, वर पट्ट्यांची जाडी आणि हातभर मोकळीक, म्हणजे पुन्हा अकरा फूट आलेच. ऑइल खालच्या गाडीवर गळू नये म्हणून मध्ये ट्रे हवा. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी आणखी एक बघावं. फोर पोस्ट सहसा वायररोपवर चालते आणि खाऱ्या दमट हवेत वायररोप आतून गंजतो. वरून ग्रीस चकचकीत दिसलं म्हणून दोर चांगला असं समजू नका. तुटलेल्या तारांसाठी तो नियमित तपासावा लागतो.

घराखालच्या पार्किंगसाठी माझा कौल स्पष्टपणे मध्यम उंचीच्या सिझर, म्हणजे कात्रीसारख्या उघडणाऱ्या लिफ्टला आहे. ती साधारण एक ते सव्वा मीटर उचलते, मीटरभर उचलली तर नऊ फुटी छताखाली स्विफ्ट किंवा प्रीमियर पद्मिनी आरामात बसते, आणि काम संपलं की तिच्यावरूनच गाडी लावता येते. उंच एसयूव्ही असेल तर छत बघून अलीकडेच थांबवायची. ब्रेक, टायर, शॉकअप, बुश, पत्र्याचं काम हे सगळं स्टुलावर बसून होतं, आणि घरच्या गॅरेजातलं बरंचसं काम याच जातीचं असतं. तिची उणीव एकच, पण मोठी: मशीन गाडीच्या पोटाखाली मधोमध येतं, त्यामुळे गिअरबॉक्स किंवा सायलेन्सरच्या मधल्या भागाशी झटापट करावी लागते. वर्षातून एकदा येणाऱ्या त्या कामासाठी गाडी गॅरेजवाल्याकडे न्यावी, असं माझं मत.

खड्डा आपल्याकडे जुना आणि ओळखीचा. एसटीच्या डेपोत बसच्या तळाचं काम खड्ड्यात उतरूनच होत आलं आहे. छताची अडचण नाही, मशीन नाही, वीज नाही. तरीही घरात नवा खड्डा खणू नका असंच मी सांगेन. पेट्रोलची वाफ आणि एलपीजी हवेपेक्षा जड, दोन्ही खड्ड्यात साचतात, आणि तिथे दिव्याची एक ठिणगी पुरते. डेपोत उघडी हवा आणि बहुतेक डिझेलच्या बस असतात. घरात भिंतीपलीकडे स्वयंपाकघर असतं. त्यात पावसाळ्यात पाणी पाझरतं, आणि पायाशेजारी खणलं तर घराच्या पायालाच धक्का. शिवाय चाकं काढायची तर जॅक लागतोच.

आता काँक्रीट. घराच्या पार्किंगखाली साधारणपणे मुरूम, रबल सोलिंग, चारेक इंच पीसीसी (सळई नसलेलं काँक्रीट) आणि वर शहाबादी किंवा पेव्हर ब्लॉक असतात. टू पोस्टचे बोल्ट यात धरणार नाहीत. दोन टनी गाडीत प्रत्येक खांबाच्या वाट्याला एक टन येतो, तोही हाताच्या टोकाशी. भार बेसप्लेटच्या (खांबाच्या तळाच्या पाटीच्या) पुढच्या कडेपासून 70 सेंटिमीटर पुढे आणि मागचे बोल्ट त्याच कडेपासून 35 सेंटिमीटर मागे धरले, तर मागच्या बोल्टांना वर उपटणारी ओढ दोन टनांच्या घरात जाते. म्हणून फरशी काढून दोन्ही खांबांखालून जाणारा एकच सलग आरसीसी पट्टा ओतायचा. जाडी आणि सळई स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ठरवून घ्या. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत हे टाळूच नका, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते.

परदेशी पुस्तिकांमध्ये 3000 पीएसआय (चौरस इंचाला पौंड) ताकदीचं काँक्रीट मागितलेलं असतं. तो आकडा आपल्या एककात बदलून मिस्त्री म्हणतो, एम-20 झालं, म्हणजे 20 मेगापास्कल ताकदीचं काँक्रीट. तसं ते होत नाही. अमेरिकेत ताकद काँक्रीटच्या सिलिंडरच्या आकाराच्या नमुन्यावर मोजतात, आपल्याकडे 150 मिलिमीटरच्या घनावर, आणि तेच काँक्रीट घनावर जास्त ताकद दाखवतं. 3000 पीएसआयच्या जवळ जायला आपलं एम-25 लागतं. मी एम-30 मागेन. 28 दिवस पुरे होण्याआधी बोल्ट ठोकू नका. जुन्या स्लॅबच्या कडेला किंवा सांध्याजवळ भोक पाडू नका, आणि पार्किंगखाली पाण्याची टाकी किंवा सेप्टिक टँक असेल तर कुठलीच लिफ्ट तिच्यावर येऊ देऊ नका. हे सिझर आणि फोर पोस्टलाही लागू आहे. बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कलाच आवळा आणि काही दिवस वापरल्यावर पुन्हा तपासा.

विजेचं गणितही आधीच मांडा. वर्कशॉपच्या लिफ्ट बऱ्याचदा थ्री फेजवर असतात. घरी सिंगल फेज असेल तर 2.2 किलोवॉटची सिंगल फेज मोटर मागा आणि तिला बोर्डापासून वेगळी वायर व एमसीबी द्या. विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारा: वीज गेल्यावर गाडी खाली कशी येते? लिफ्ट वजनानेच खाली येते, हे खरं. पण काम करताना गाडी हायड्रॉलिकवर कधीच ठेवायची नसते, ती लोखंडी लॉकवर बसवायची असते. लॉक सोडवायला आधी दोन-तीन सेंटिमीटर वर उचलावी लागते, आणि त्यासाठी वीजच लागते. हातपंप असलेलं मॉडेल मिळालं तर भारनियमनाच्या गावात थोडे जास्त पैसे गेले तरी तेच घ्या. काही फोर पोस्टची लॉकं हवेच्या दाबावर सुटतात, तिथे कॉम्प्रेसरही लागतो.

बंद झालेल्या गॅरेजातली जुनी लिफ्ट स्वस्तात मिळत असेल तर हातांची लॉकं, दोर, सिलिंडरची गळती बघा. खांबावर किंवा हातावर नंतर मारलेलं वेल्डिंग दिसलं तर व्यवहार तिथेच थांबवा. जमिनीतले बोल्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत नवेच घ्या.