स्प्लेंडरचा क्लच सेट: ओरिजिनल, लोकल की नुसती वायर?

स्प्लेंडरचा गिअर जड झाला, सिग्नलला न्यूट्रल सापडेना झाला, की गॅरेजमधून ठरलेलं उत्तर येतं: क्लच गेला, सेट टाकायला लागेल. सेट म्हणजे फ्रिक्शन प्लेटा आणि त्यांच्यामध्ये बसणाऱ्या लोखंडी प्लेटा. काही पाकिटांत स्प्रिंगाही असतात. सेट चांगला की वाईट हे पुढे येईलच, पण आधी तो लागणार आहे का हे बघा. जड गिअर आणि न सापडणारं न्यूट्रल ही बहुतेक वेळा झिजलेल्या प्लेटांची तक्रार नसतेच.

प्लेटा झिजल्या की क्लच सरकतो. चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडतं आणि गाडी आहे तिथेच रेंगाळते. हे होत असेल तर सेटचा विचार करा. गिअर अडकणं, पहिला टाकताना गाडीला झटका बसणं, क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे ओढली जाणं, हे उलटं दुखणं आहे. इथे क्लच पूर्ण सुटतच नाही. कारण ढिली वायर, वाकलेली लोखंडी प्लेट किंवा हाउसिंगला, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात त्या वाटीला, पडलेल्या खाचा. यात नव्या फ्रिक्शन प्लेटा टाकून पैसे जातील, गिअर तसाच राहील.

म्हणून पहिलं काम हातातल्या क्लच लिव्हरच्या टोकाशी. लिव्हर हलकेच ओढा आणि जोर लागायला सुरुवात होईपर्यंत टोक किती सरकतं ते पट्टीने मोजा. यालाच प्ले म्हणतात, आणि स्प्लेंडरला तो 10 ते 20 मिमी हवा. जास्त असेल तर क्लच अर्धवट सुटतो. शून्य असेल तर प्लेटा कायम थोड्या सुटलेल्या राहतात, सरकतात आणि जळतात. बारीक फरक लिव्हरजवळच्या ॲडजस्टरने जातो. त्याचे आटे बरेच बाहेर आले असतील तर तो पूर्ण आत घ्या आणि इंजिनच्या उजव्या कव्हरजवळच्या ॲडजस्टरवर काम करा. तिथे दोन पाने लागतात, एक नट धरायला आणि एक फिरवायला. शेवटी चेक नट (ॲडजस्टर जागेवर धरून ठेवणारा) घट्ट करायला विसरलात तर आठवड्यात सगळं पुन्हा ढिलं.

इथे एक गफलत हमखास होते. वायर ताणली की लिव्हरचा प्ले वाढतो, प्लेटा झिजल्या की तो कमी होतो. म्हणजे काही न करता लिव्हर आपोआप कडक होत चालली असेल, तर ती वायर नव्हे, प्लेटा बोलतायत. दर सर्व्हिसला नुसतं 'क्लच टाइट करा' म्हणून सांगणारे लोक चांगल्या प्लेटांची वाट लावतात.

आता वायर. या दुरुस्तीतला सगळ्यात स्वस्त भाग हाच, आणि ओरिजिनल घ्यावा असाही हाच. लोकल वायरमध्ये फसवणूक बाहेरच्या आवरणात असते. आतली तार दिसायला सारखीच, पण आवरण दाबलं जातं, त्यामुळे लिव्हर ओढली तरी खालचा आर्म पुरेसा फिरत नाही. तपासायला सोपं आहे: एकाने लिव्हर ओढावी, दुसऱ्याने हेडलाइटमागचा वायरचा बाक बघावा. बाक फुगल्यासारखा हलला तर हालचाल तिथेच वाया जातेय. बसवताना जुन्या वायरचा मार्ग नीट बघून ठेवा. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून प्ले पुन्हा मोजा. वळवल्यावर प्ले संपत असेल तर वायर कुठेतरी अडकलीय किंवा चुकीच्या बाजूने गेलीय. आत प्लास्टिकचं अस्तर असलेल्या वायरमध्ये जाड ग्रीस कोंबू नका. ग्रीस लिव्हरच्या बोल्टला आणि वायरच्या टोकाच्या गुंडीला, तेही बोटाच्या टोकाएवढं. गुंडीपाशी एक जरी तार तुटलेली दिसली तर वायर बदलाच. ती नेमकी घाटात तुटते.

वायर ठीक आणि क्लच तरीही सरकतोय, तर ऑइल बघा. स्प्लेंडरचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून बाटलीमागे 10डब्ल्यू-30 (ऑइलचा दाटपणा) आणि जासो एमए (ऑइलमधल्या क्लचला चालणारा दर्जा) हे दोन्ही हवं. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, ती इंजिनला चालतील, क्लचला नाही. पातळी तपासताना इंजिन काही मिनिटं चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, गाडी सरळ उभी धरा आणि ऑइल मोजायची काडी आटे न फिरवता नुसती टेकवा. फिरवून घट्ट केलेली काडी खोटी पातळी दाखवते.

एवढं करूनही सरकत असेल तर सेट. ओरिजिनल आणि लोकलमधला फरक दुकानातच कळतो. ओरिजिनल फ्रिक्शन प्लेटवरचे तुकडे एकसारखे कापलेले, कडेला चिकट डाग नाहीत, प्लेटा एकावर एक ठेवल्या तर दात सरळ रेषेत येतात. लोकल सेटमध्ये जाडीच सारखी नसते. जाडी मोजायचं व्हर्नियर लावलं तर नवी प्लेट 3 मिमीच्या आसपास भरायला हवी, 2.6 च्या खाली गेली की ती संपली. आमचं म्हणणं, गाडी रोजच्या कामाची असेल तर लोकलच्या वाटेला जाऊ नये. प्लेटांच्या किमतीत वाचलेलं पुढच्या मजुरीत जातं, कारण मजुरी दोन्हीला तेवढीच. लोखंडी प्लेटा मात्र डोळे मिटून बदलायची गरज नाही. जाड काचेवर ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा. 0.20 मिमीची पट्टी आत जात नसेल आणि जळून निळी झालेली नसेल तर तीच परत टाका.

काम घरी करणाऱ्यांसाठी अडचणीची जागा सांगून ठेवतो. कव्हर उघडून चार स्प्रिंगा काढल्या की प्लेटा हातात येतील असं वाटतं. येत नाहीत. मधला खाचांचा नट सोडावा लागतो आणि त्याला चार दातांचं खास सॉकेट लागतं. छिन्नी-हातोड्याने तो सोडवलेली इंजिनं बघितली की खाचा चावलेल्या दिसतातच. सॉकेट आधी आणा, मग ऑइल काढा. सोबत उजव्या कव्हरचं नवं गॅस्केट हवंच. जुनं खरवडताना त्याचे तुकडे इंजिनात पडू देऊ नका.

हाउसिंगच्या बोटांवरून नख फिरवा. खाच लागली तर प्लेटा तिथे अडकतात, आणि जड गिअरचं खरं कारण सापडलं समजा. हलकी खाच बारीक कानसने सपाट होते, खोल असेल तर हाउसिंग बदला. नव्या प्लेटा गाडीत टाकणार त्याच ऑइलमध्ये काही तास भिजवा. कोरड्या बसवल्या तर सुरुवातीलाच जळू शकतात. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एकच बोल्ट जोरात पिळला तर ॲल्युमिनियमची दांडी तुटते आणि खर्च दुप्पट होतो. शेवटी लिव्हरचा प्ले नव्याने लावा आणि तीनशे-चारशे किलोमीटरनंतर पुन्हा बघा.

क्लच व्यवस्थित सुटतोय आणि गिअर तरी रुसतोय, असंही होतं. मग खाली बघा. पायाचा लिव्हर शाफ्टच्या दात्यांवर सरकला असेल किंवा बाजारातला वाकडा लिव्हर टाकला असेल, तर तो फूटरेस्टला किंवा लेगगार्डला टेकतो, गिअर अर्धाच पडतो आणि ॲक्सिलरेटर दिला की सटकतो. लिव्हर दाबून सोडल्यावर जागेवर परत येत नसेल तर आतली रिटर्न स्प्रिंग थकली किंवा तुटली. चेन लोंबत असेल तरी प्रत्येक गिअरला खाडकन आवाज येतो, आणि मालक क्लचला शिव्या देत बसतो.