‘लिटल सीरिया’ची पायी सफर: काय दाखवले, काय राहून गेले

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला वॉशिंग्टन स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. १८८०च्या दशकापासून सुमारे साठ वर्षे त्याच्या दोन्ही बाजूंना अरबी बोलणाऱ्यांची वस्ती होती. माउंट लेबनॉन, दमास्कस, होम्स अशा भागांतून आलेले हे लोक तेव्हा उस्मानी साम्राज्याचे प्रजाजन होते आणि अमेरिकेत त्यांना सरसकट ‘सीरियन’ म्हणत, म्हणून वस्तीचे नाव ‘लिटल सीरिया’ पडले. या वस्तीची मार्गदर्शकासह दोन तासांची पायी सफर घडवणाऱ्या एका संस्थेच्या सेवेबद्दल हे परीक्षण आहे.

या सफरीची मुख्य अडचण अशी की पाहण्यासारखे फार थोडे उरले आहे. ब्रुकलिन-बॅटरी बोगद्याच्या कामासाठी १९४०च्या दशकात वस्तीचा मोठा भाग पाडला गेला आणि बरेचसे रहिवासी त्याआधी किंवा त्या सुमारास ब्रुकलिनला गेले. आज एकमेकींना लागून तीनच इमारती उभ्या आहेत: सेंट जॉर्ज चर्च, शेजारचे सामाजिक केंद्र आणि एक जुनी चाळवजा इमारत. चर्चच्या पांढऱ्या टेराकोटा दर्शनी भागावर, दाराच्या वर, घोड्यावरून राक्षसी सर्पाला भाला मारणारा सेंट जॉर्ज कोरलेला आहे. चर्च म्हणून वापर कधीच थांबला असला तरी २००९ साली शहराने या इमारतीला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. मार्गदर्शक इथे पुरेसा वेळ थांबतो, जुनी छायाचित्रे हातात देतो आणि कोणते दुकान कुठे होते ते बोटाने दाखवतो. हा भाग उत्तम जमला आहे.

तितकाच जमलेला भाग फेरीवाल्यांचा. नवा माणूस आला की वॉशिंग्टन स्ट्रीटवरचा घाऊक व्यापारी त्याला उधारीवर माल देई: सुया, दोरे, बटणे, लेस, जपमाळा आणि ‘पवित्र भूमीतले’ म्हणून विकायचे लाकडी क्रूस. हे सगळे एका पेटीत किंवा गाठोड्यात भरायचे आणि पाठीवर घेऊन खेडोपाडी दारोदार हिंडायचे. मात्र फेरीवाला ते दुकानदार आणि दुकानदार ते मोठा आयातदार हा प्रवास मार्गदर्शक इतक्या उत्साहाने सांगतो, की फेरीवाल्यांमध्ये स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या, त्यांतल्या कित्येकींची मुले मागे गावी आजी-आजोबांजवळ राहिली होती, हे एका वाक्यात उरकले जाते.

सफरीतली सर्वांत परिणामकारक दहा मिनिटे मात्र बॅटरी पार्कच्या कठड्याशी, जिथे स्थलांतरितांची तपासणी आणि नोंदणी होई त्या एलिस बेटाकडे तोंड करून जातात. तिथले डॉक्टर खुपरीची, म्हणजे डोळ्यांच्या एका संसर्गजन्य रोगाची, तपासणी कशी करत, हे मार्गदर्शक एक वस्तू दाखवून सांगतो: बुटांची बटणे अडकवण्याचा लहानसा आकडा. त्याने किंवा नुसत्या बोटांनी पापणी उलटी केली जाई. खुपरी आढळली की माणूस परत, आणि परत नेण्याचा खर्च जहाज कंपनीच्या माथी. त्यामुळे कंपन्या वाटेत फ्रान्समधल्या मार्सेलिसच्या बंदरातच लोकांना अडवू लागल्या, आणि दलालांनी लुबाडलेली कुटुंबे तिथेच अडकून पडू लागली. आई पुढे गेली आणि मूल मागे राहिले, असेही घडे. मार्गदर्शक इथे आवाज चढवत नाही, नाटक करत नाही, आणि तेच योग्य आहे.

माझा आक्षेप यानंतरच्या भागावर आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ ते १९१८ या काळात, माउंट लेबनॉनमध्ये दुष्काळ पडला. दोस्त राष्ट्रांची सागरी नाकेबंदी, उस्मानी लष्कराची धान्यजप्ती, १९१५ची टोळधाड आणि साठेबाजी यांत सुमारे दोन लाख माणसे मेली असावीत, असा अंदाज आहे. युद्धामुळे अमेरिकेतून घरी जाणारे पैसेही अडकले. ज्यांच्या मिळकतीवर गावे जगत होती ते इथे सुरक्षित होते आणि काहीही करू शकत नव्हते. स्थलांतराची किंमत याहून स्पष्ट कुठे दिसणार? पण सफरीत यावर दोन मिनिटे आणि लेबनॉनमधून आलेला कवी-लेखक खलील जिब्रान याच्यावर वीस! जिब्रान राहत होता वेस्ट टेन्थ स्ट्रीटला, या वस्तीच्या बराच उत्तरेला. त्याचा उल्लेख करायचाच तर १९१६ साली तो दुष्काळ निवारण समितीचा सचिव होता, ही बाब सांगून दोन्ही धागे सहज जोडता आले असते.

कायद्याचा भाग आटोपशीर आहे. नागरिकत्व प्रामुख्याने ‘गोऱ्यां’साठी राखलेले असल्याने सीरियन माणूस गोरा की नाही यावर खटले चालले, आणि जॉर्ज डाऊ या सीरियन स्थलांतरिताच्या खटल्यात १९१५ साली अपील न्यायालयाने ‘गोरा’ असा निकाल दिला. पुढे १९२४च्या स्थलांतर कायद्याने सीरिया-लेबनॉनचा कोटा वर्षाला शंभर माणसांवर आणला.

सोयींबद्दल: कानात लावायचे यंत्र देत नाहीत आणि बोगद्याच्या तोंडाशी वाहनांच्या आवाजात निम्मे ऐकू येत नाही, त्यामुळे मार्गदर्शकाच्या जवळच उभे राहावे. सफर ब्रुकलिनच्या अटलांटिक अव्हेन्यूपर्यंत न्यायला हवी. वॉशिंग्टन स्ट्रीटवरचे सहादींचे किराणा दुकान १९४८ साली तिकडे गेले, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर ब्रुकलिनच्या प्रशासकीय इमारतीसमोर, म्हणजे बरो हॉलसमोर, फेब्रुवारी २०१७मध्ये येमेनसह काही मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवर अमेरिकेने घातलेल्या प्रवेशबंदीच्या निषेधार्थ येमेनी दुकानदार दुकाने बंद ठेवून जमले होते. तो भाग सध्या स्वतःच करावा लागतो. शक्य असल्यास सकाळच्या फेरीबोटीने एलिस बेट आधी पाहावे आणि दुपारची सफर घ्यावी. नोंदणीचे दालन पाहून आल्यावर बुटांच्या बटणांचा तो आकडा वेगळाच दिसतो.