घरचं नाचणी सत्त्व की डब्यातली पावडर?

लेकीसाठी दोन्ही करून पाहिलं. डब्यातली पावडर दोन मिनिटांत तयार, पण लेबलवर साखर दुसऱ्या क्रमांकावर. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानेच छापतात, म्हणजे बघा!

नाचणीचा खटाटोप मोठा. रात्रभर भिजवायची, उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची, पांढरे मोड दिसले की सावलीत वाळवायची, मंद आचेवर खमंग भाजून दळायची. एवढ्याशा दळणासाठी गिरणीवाल्या काकांची मनधरणी वेगळीच. पण १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि मोड आणल्याने ते अंगी लागायला सोपं जातं. पीठ आधी गार पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या ठरलेल्या.

प्रवासात मात्र मी अजूनही डबाच नेते.