नागरिकत्वाची मुलाखत, ओसीआय आणि राजारामपुरीत गेलेले १,३५,७०० रुपये

एक लाख पस्तीस हजार सातशे. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पैपाहुण्यांनी 'नक्की किती गेले हो?' म्हणून परत परत विचारायला नको. त्यातले २०,७०० रुपये जीएसटी. म्हणजे सरकारचा कर मी चोराला भरला. आणि मी कोण? साखर कारखान्याच्या अकाउंट विभागात एकतीस वर्षं काढलेला माणूस. ऊसवाहतुकीची खोटी पावती मी नुसती हातात घेऊन ओळखायचो.

मुलगा न्यू जर्सीत आहे. आम्हा दोघांना ग्रीन कार्ड मिळून आठ वर्षं झाली होती. २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास नागरिकत्वाचा अर्ज, तो एन-४००, भरला आणि चार महिन्यांसाठी कोल्हापूरला आलो. मुलाखतीत अमेरिकेच्या इतिहासावर आणि कारभारावर इंग्रजीतून तोंडी प्रश्न विचारतात. तिची धास्ती मला होती, सौ.ना नव्हती. माझं इंग्रजी फायलीवर शेरा मारण्यापुरतं. समोर गोरा अधिकारी बसून फाडफाड विचारायला लागला की जीभ टाळूला चिकटणार, हे मला माहीत होतं. मुलाला सांगायची लाज वाटली. ज्याला मी नववीचं गणित शिकवलं, त्याच्यासमोर पाढे म्हणायचे?

मेव्हण्याच्या ओळखीनं हा एजंट भेटला. राजारामपुरीत दुकानाच्या माडीवर ऑफिस, काचेचं दार, दोन मुली कॉम्प्युटरवर. 'काका, आपल्याकडची लई माणसं पाठवलीत तिकडं.' मुलाखतीचा मराठीतून क्लास १५,००० अधिक जीएसटी, झाले १७,७००. दोघांचं ओसीआय कार्ड (नागरिकत्व बदलल्यावर भारतात विनाव्हिसा ये-जा करायचं) 'आतल्या ओळखीनं तत्काळ' ८०,००० अधिक जीएसटी, झाले ९४,४००. क्लासचे रोख दिले, ओसीआयचे यूपीआयनं, तेही कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर. 'पार्टनर आहे काका.'

आता ती पावती. ती अजून माझ्याकडं आहे आणि रोज एकदा बघतो. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचा २७. त्या पावतीवर होता २९, कर्नाटकचा. मी तो बघितला! बघितला नाही असं म्हणायची सोय नाही. चष्मा पुसून बघितला आणि मनात म्हणालो, बेळगावला हेड ऑफिस असेल. चोराची बाजू मीच मांडली, त्याला तोंड उघडायचीही गरज पडली नाही. कारखान्यात एखाद्या पोरानं असं व्हाउचर पुढं केलं असतं तर मी ते टेबलावरून खाली टाकलं असतं. पण समोर चहा आला होता, मेव्हणा शेजारी बसला होता, आणि ओळखीच्या माणसाला नंबर तपासून दाखव म्हणणं मला हलकं वाटलं. जीएसटीच्या सरकारी साइटवर नंबर टाकला की मालकाचं नाव दिसतं. अर्ध्या मिनिटाचं काम. टाका. समोर बसून टाका.

दुसरी गोष्ट तर शाळेतल्या पोरालाही कळली असती. ओसीआय मिळतं ते ज्यानं परदेशी नागरिकत्व घेतलंय त्याला. ज्या दिवशी हा 'तुमचा ओसीआयचा अर्ज भरून झाला' म्हणाला, त्या दिवशी माझ्या खिशात भारतीय पासपोर्ट होता आणि मुलाखतीची तारीखही आली नव्हती. नागरिकत्वाची शपथ नाही, अमेरिकन पासपोर्ट नाही, जुना पासपोर्ट सरेंडर केल्याचा दाखला नाही, मग अर्ज कशाचा भरला बाबा?

क्लास मात्र झाला. आठ दिवस, रोज दीड तास. 'काका, तुम्ही पासष्टच्या वरचे, तुम्हाला वीसच प्रश्न पाठ करायचेत.' ही अर्धी खरी गोष्ट, म्हणून जास्त वाईट. वीस प्रश्नांची सवलत आहे, पण वय पासष्ट आणि शिवाय ग्रीन कार्डला वीस वर्षं झालेली असली तरच. माझी आठ. मला शंभरच्या शंभर लागू होते, आणि ते शंभर प्रश्न उत्तरांसकट अमेरिकन सरकारच्या साइटवर फुकट पडलेत. सौ. क्लासला आल्याच नाहीत. त्यांनी भाजी निवडता निवडता नातीबरोबर व्हिडिओ कॉलवर शंभर पाठ केले.

मे महिन्यात मुलाखत. दहा प्रश्न, सहा बरोबर लागतात. राजधानी सांगितली, झेंड्यावर पन्नास तारे का ते सांगितलं, पहिला अध्यक्ष सांगितला. मग घटनेत दुरुस्त्या किती, सेनेटर किती, स्वातंत्र्याचा जाहीरनामा कुणी लिहिला... गप्प. चार बरोबर. सौ. पहिल्या फटक्यात पास. साठ ते नव्वद दिवसांत दुसरी संधी देतात म्हणून वाचलो. जुलैअखेर दुसऱ्यांदा बसलो, या वेळी नातीकडं शिकून. (ज्यांनी २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज केलाय त्यांना नवी परीक्षा आहे: १२८ प्रश्नांतले वीस विचारतात, बारा बरोबर लागतात. कुणी जुना सेट विकत असेल तर पायताण दाखवा.)

नापास झाल्यावरही मला संशय आला नाही का? आला. फोन केला. 'काका, नियम आत्ताच बदलला.' ९४,४०० त्याच्याकडं अडकलेले, भांडून काय करणार? आणि वीसच प्रश्न शिकलो हे मुलाला सांगितलंच नव्हतं.

शपथ झाली, ग्रीन कार्ड जमा केलं, अमेरिकन पासपोर्ट आला. डिसेंबरात कोल्हापुरात पुतणीचं लग्न. ओसीआय 'दिल्लीत अडकलंय' म्हणून यानं तोपर्यंत अर्जंट ई-व्हिसा काढून देतो म्हणून आणखी २३,६०० घेतले. मेलवर पीडीएफ आली, अशोकस्तंभ वगैरे सगळं. विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं ती बघितली आणि शांतपणे म्हणाली, यावर तुमच्या जुन्या भारतीय पासपोर्टचा नंबर आहे. मागं रांग, पुढं आमच्या चार बॅगा, त्यातल्या एकीत पुतणीचा शालू. ई-व्हिसा मंजूर आहे की नाही हे भारत सरकारच्या साइटवर स्वतः बघता येतं. मी बघितलं नव्हतं.

मुलगा एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं त्याच रात्री खरा अर्ज भरला. तिकिटं बदलायला १,२६४ डॉलर लागले. अक्षता चुकल्या, सत्यनारायणाला पोचलो.

आता पोलीस. माडीवर गेलो तर तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मालक म्हणतो अकरा महिन्यांचा करार होता, संपला. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, सायबरकडं जा. सायबरवाले म्हणाले, रोख दिलेत, ओळखीनं दिलेत, हा व्यवहाराचा वाद, कोर्टात जावा. मी म्हणालो, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, चारशेवीस कलमाचं आता ३१८ झालंय एवढं मलाही ठाऊक आहे. तर एका हवालदारानं मला आपादमस्तक न्याहाळलं. 'आजोबा, तुम्ही आता फॉरेनर. ज्यांच्याकडं उतरलाय त्यांनी तुमचा सी फॉर्म भरलाय का?' सी फॉर्म म्हणजे घरी परदेशी पाहुणा उतरल्याची सरकारला द्यायची वर्दी. माझा जन्म मंगळवार पेठेतला! तक्रार राहिली बाजूला, भावाचीच चौकशी सुरू झाली. तासभर. भावानं फॉर्म भरला होता म्हणून सुटलो. चोराच्या घराचा पत्ता मात्र कुणी विचारला नाही. बँकेचं तर नावच नको. 'तुम्ही स्वतः पाठवलेत, आमचा काय संबंध?' ज्या खात्यात पैसे गेले ते कुणा ट्रकड्रायव्हरचं निघालं, एवढं मीच शोधून काढलं.

पैसे गेल्या गेल्या १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, तासाभरात. मी दहा महिन्यांनी जागा झालो. मेव्हणा आता फोन उचलत नाही, आणि खरं सांगायचं तर मीही फार वेळा लावत नाही.

पाचव्या खेपेला अर्जाची पोच मिळाली. गोल शिक्का आहे, सही आहे, आवक क्रमांकाची जागा कोरी. या वेळी मी तिथंच चष्मा लावून वाचली आणि परत दिली. नंबर टाकणारा क्लार्क रजेवर होता. सोमवारी परत जायचंय.